'वजन उचलू नकोस' हे आधी कोण म्हणालं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडं सारखं केलंय, बाकी तसंच ठेवलंय. आणि एक आधीच सांगतो, मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. यातलं काही ऐकून घरातल्या मुलाचे व्यायाम बदलायचे असतील तर आधी फिजिओशी बोला.

विषय घरातूनच आलाय. माझा एक मावसभाऊ आहे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. सातव्या महिन्यात झाला. मान उशिरा सावरली, रांगला जवळपास नाहीच, आणि उभा राहायला लागला तेव्हा टाचा टेकत नव्हत्या, गुडघे एकमेकांवर घासायचे. निदान झालं सेरेब्रल पाल्सी, आपण सगळे म्हणतो ती सीपी. आता तो नोकरी करतो, चालतो, जिना मात्र रेलिंग धरून चढतो. मागच्या दिवाळीत त्यानं जाहीर केलं की जिम लावणार. झालं, मावशी हातातलं ताट ठेवून आली. "अजिबात नाही. तू लहान असताना आम्हाला बजावून सांगितलंय, जोर लावायला द्यायचा नाही, वजन तर नाहीच नाही. ताठरपणा वाढतो." तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तू इतिहासाचे एपिसोड करतोस ना? मग हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते शोधून दे."

आमच्या धंद्यात जुन्या कोडमध्ये कधीकधी एक ओळ सापडते, 'इथे हात लावू नये'. कोणी लिहिली, का लिहिली, पत्ता नसतो. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला असतो, आणि तरी दहा वर्षं कोणी हात लावत नाही. मला वाटलं, हेही तसंच काहीतरी असणार. शोधल्यावर कळलं की लिहिणारीचं नाव माहीत आहे, आणि ती अजिबात ऐरीगैरी नव्हती.

पण सुरुवात तिच्यापासून होत नाही.

सीपी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात झालेली इजा. ती इजा पुढे वाढत नाही. स्नायूंकडे जाणारे निरोप मात्र बिघडतात, कुठे जास्त ताण, कुठे कमी, आणि तोल सांभाळणं अवघड होतं. इथे मला हार्डवेअर-सॉफ्टवेअरची उपमा द्यायचा फार मोह होतो, पण ती चुकते. कारण निरोप वर्षानुवर्षं चुकीचे आले की स्नायूही बदलतात. आखूड होतात, अशक्त होतात. हा 'अशक्त' शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

लंडनचा विल्यम जॉन लिटल, जन्म १८१०. लहानपणच्या आजारामुळे त्याचा स्वतःचा डावा पाय वाकडा झालेला. तेव्हाच्या लंडनमध्ये त्यावर धड उपाय नव्हता. डॉक्टर होऊन तो जर्मनीत हॅनोव्हरला लुई स्ट्रोमायरकडे गेला. हा माणूस त्वचेला अगदी बारीक छेद देऊन टाचेची शीर कापायचा आणि मग पाय हळूहळू सरळ करायचा. १८३६ मध्ये लिटलनं ते स्वतःच्या पायावर करून घेतलं. परत येऊन त्यानं लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया सुरू केली आणि अशा रुग्णांसाठी दवाखाना काढला. आणि २ ऑक्टोबर १८६१ ला लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेपुढे निबंध वाचला, की अडलेली बाळंतपणं, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना गुदमरणं यांचा मुलांच्या हातापायांच्या ताठरपणाशी संबंध आहे. पुढे कित्येक वर्षं या स्थितीला 'लिटलचा आजार' असंच म्हणत.

याला पहिला मोठा आक्षेप घेणाऱ्यांत सिग्मंड फ्रॉइड होता, हे वाचून मी तरी दोनदा नाव तपासलं. हो, तोच. मनोविश्लेषणाच्या आधी तो व्हिएन्नात मुलांच्या मेंदूविकारांवर काम करायचा. १८९७ च्या त्याच्या ग्रंथात त्यानं म्हटलं की अवघड बाळंतपण हे कारण नसून कदाचित गर्भातच आधी झालेल्या बिघाडाचा परिणाम असेल. फार कोणी मनावर घेतलं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत हजारो गरोदरपणांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की जन्मताना गुदमरण्यामुळे होणारी सीपी हा एकूणातला लहान हिस्सा आहे. मधल्या काळात किती आयांनी त्या एका रात्रीचा हिशेब करत आयुष्य काढलं असेल, याची मोजदाद कुठल्याच अभ्यासात नाही.

आता व्यायाम. १९३० च्या दशकात बाल्टिमोरजवळ विन्थ्रॉप फेल्प्स नावाच्या अस्थिशल्यचिकित्सकानं अशा मुलांसाठी निवासी संस्था काढली. 'सेरेब्रल पाल्सी' हा शब्द रूढ करण्यात त्याचा मोठा हात आहे. तो एकेक स्नायू तपासायचा, कॅलिपर लावायचा, गाण्याच्या तालावर ठरावीक हालचाली घोटून घ्यायचा. आणि माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, अशक्त स्नायूंना ताकद यावी म्हणून विरोधाविरुद्ध जोर लावायचे व्यायाम त्याच्या यादीत होते. म्हणजे बंदी आधी नव्हतीच!

१९४७ मध्ये सहा डॉक्टरांनी मिळून या विषयाची अमेरिकन अकादमी काढली. त्यातला एक फेल्प्स, आणि दुसरा अर्ल कार्लसन. कार्लसनला स्वतःला सीपी होती. येलमधून डॉक्टर झालेला. 'बॉर्न दॅट वे' हे त्याचं आत्मचरित्र १९४१ चं. त्याचं निरीक्षण असं की बघणारे लोक असले, भीती वाटली, की हातपाय जास्त बिघडतात, आणि मन कामात गुंतलं की सुधारतात. मावसभाऊ यावर म्हणाला, "हे मला पाचवीत असतानाच माहीत होतं. पीटीचे सर बघत नसले की मी बरा पळायचो."

आता त्या बाईंकडे येऊ.

बर्टा बोबाथ. जन्म १९०७, बर्लिन. तिथल्या जिम्नॅस्टिक्सच्या शाळेत शिकलेली, तिथेच शिकवणारी. शरीर कसं सैल सोडायचं, भार एका पायावरून दुसऱ्यावर कसा न्यायचा, हे तिच्या अंगात भिनलेलं. ज्यू असल्यानं हिटलरच्या राज्यात राहणं अशक्य झालं आणि ती लंडनला आली. कारेल बोबाथ हा डॉक्टरही तसाच पळून इंग्लंडला आलेला. दोघांनी लग्न केलं. १९४० च्या दशकात बर्टाकडे पक्षाघात झालेला एक नामवंत चित्रकार आला. अर्धं अंग ताठ. तेव्हाची पद्धत अशी की ताठ झालेलं आहे ते तसंच धरायचं आणि चांगल्या बाजूनं काम भागवायचं. बर्टानं बाकी काही न करता त्याला वेगवेगळ्या तऱ्हेनं बसवलं, वळवलं, भार दिला, आणि तिच्या लक्षात आलं की ताठरपणा कायमचा नाही. शरीराची ठेवण बदलली की तो कमी होतो. आज हे साधं वाटतं. तेव्हा हे कोणी मानत नव्हतं. तिच्याकडे तर त्या वेळी फिजिओथेरपीची पदवीही नव्हती, ती नंतर १९५० मध्ये मिळवली.

पुढचं काम मुलांवर. लंडनमध्ये दोघांनी केंद्र काढलं. बर्टा हातानं काम करायची, कारेल त्यामागचं शास्त्र लिहायचा. मुलाला खांद्यापासून, कमरेपासून धरायचं. मोठ्या चेंडूवर पालथं घालून हळू झुलवायचं, म्हणजे मान वर येते. तोल जातोय असं वाटलं की हात आपोआप पुढे यायला हवेत, तर ती प्रतिक्रिया घडवून आणायची. ज्यांनी कुठल्याही बालफिजिओची खोली पाहिली आहे, त्यांना हा चेंडू आणि हा रोल ओळखीचा असेल. मेंदू बिघडलाय म्हणून मुलाला बांधून, पट्ट्या लावून ठेवण्याच्या काळात कोणीतरी म्हणालं की या मुलाला हातात घ्या, हलवा, तान्हं असतानाच सुरू करा. हे ऋण मोठं आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं बरं नाही.

पण त्याच शिकवणुकीत ती ओळही होती. बोबाथ दांपत्याचं म्हणणं असं, की या मुलांचे स्नायू खरे अशक्त नसतातच. समोरचा ताठ स्नायू विरोध करतो म्हणून ते अशक्त भासतात. मुलानं जोर लावला की ताठरपणा आणखी उसळतो आणि चुकीची हालचाल पक्की होते. म्हणून जोर लावायला देऊ नका. आधी हालचाल 'नॉर्मल' करा, मग बाकीचं. आणि डोळ्यांना ते पटतंच. मावसभाऊ जड काही उचलायला गेला की त्याचा पाय आत वळतो, मूठ आवळते. मीही लहानपणी पाहिलंय. जे रोज दिसतं ते तपासून बघावंसं कोणाला वाटत नाही. ही पद्धत जगभर शिकवली गेली, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना त्यातलं 'का' गळून गेलं आणि 'नको' तेवढं उरलं. ते तसंच आमच्या मावशीच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलं.

त्याच सुमाराला बुडापेस्टमध्ये आंद्राश पेटो भलतंच काहीतरी करत होता. त्याच्याकडे उपचाराची खोली नाही, वर्ग. लाकडी पट्ट्यांची बाकं, ज्यावर मुलं झोपतात आणि ज्याच्या पट्ट्या धरून उठतात. शिडीसारखी पाठ असलेल्या खुर्च्या. सगळी मुलं एकत्र, मोठ्यानं स्वतःच सांगतात, 'मी हात सरळ करतो', मग एक ते पाच मोजत करतात. फिजिओ, शिक्षक, आया अशी वेगवेगळी माणसं नाहीत, 'कंडक्टर' नावाची एकच व्यक्ती दिवसभर सगळं करते. यामागे एक रोकडं कारण होतं. हंगेरीत तेव्हा चालता न येणाऱ्या मुलाला साध्या शाळेत घेत नसत. त्यामुळे चालणं म्हणजे प्रवेशपत्र. १९८६ मध्ये बीबीसीनं 'स्टँडिंग अप फॉर जो' हा माहितीपट दाखवला आणि ब्रिटिश आईबाप मुलांना घेऊन बुडापेस्टची विमानं पकडायला लागले. मग बर्मिंगहॅममध्ये तुलना करून पाहिली गेली. १९९३ च्या अहवालाचं सार हे, की नेहमीच्या चांगल्या शिक्षणा-उपचारांपेक्षा ही पद्धत एकूणात सरस ठरली नाही. मला स्वतःला पेटोचं एक फार आवडतं, ते म्हणजे दहा मुलं मिळून घाम गाळतात. आमचा हा पठ्ठ्या मात्र आयुष्यभर एकटाच चटईवर.

फिलाडेल्फियाच्या प्रकाराबद्दल मात्र मी इतका मऊ बोलू शकत नाही. तिथल्या ग्लेन डोमन यांच्या संस्थेनं १९६० च्या सुमाराला 'पॅटर्निंग' प्रसिद्धीला आणलं. मुलाला टेबलावर पालथं घालायचं, एकानं डोकं धरायचं, बाकीच्यांनी हातपाय, आणि सगळ्यांनी मिळून रांगण्याची हालचाल करून घ्यायची. दिवसातून अनेकदा, आठवड्याचे सातही दिवस, वर्षानुवर्षं. शेजारीपाजारी पाळी लावून यायचे. म्हणणं असं की बाहेरून हालचाल दिली की मेंदूत ती कोरली जाईल. १९६८ मध्ये डॉक्टरांच्या अनेक संघटनांनी मिळून याविरुद्ध निवेदन काढलं, आणि अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीला १९८२ आणि १९९९ मध्ये पुन्हा तेच सांगावं लागलं. एक आक्षेप परिणाम सिद्ध न झाल्याचा होता. दुसरा हा, की गुण आला नाही तर दोष घरच्यांवर येतो. तुम्हीच कमी केलंत, एक दिवस चुकवलात! हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना?

तर जोर लावण्याची बंदी मोडली कशी? त्यात नाट्यमय काही नाही. १९९५ मध्ये डायन दमियानो या अमेरिकन फिजिओथेरपिस्ट आणि संशोधक बाईंनी सहकाऱ्यांबरोबर १४ मुलं घेतली, ताठर प्रकारची सीपी असलेली. मांडीच्या पुढच्या स्नायूला वजनाचे व्यायाम दिले, आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. वजनही नावापुरतं नाही, मुलाच्या कमाल ताकदीच्या साधारण ६५ टक्के. आधी मोजलं, नंतर मोजलं. स्नायूंची ताकद वाढली. म्हणजे ते खरोखरच अशक्त होते, भासत नव्हते. पुढे दमियानो आणि इतरांच्या अभ्यासांतही तेच निघालं, आणि ज्याची भीती होती तो ताठरपणा वाढलेला दिसला नाही. जोर लावताना मूठ आवळते, पाय वळतो, हे खरं. पण ते तेवढ्यापुरतं. कायमचं काही बिघडत नाही. इतक्या दशकांत फार थोड्यांनीच वजनकाटा घेऊन बघितलं होतं!

इथे थांबलो असतो तर एपिसोड छान गोड झाला असता. पण नंतर नेदरलँड्समध्ये आणि ऑस्ट्रेलियात जास्त काटेकोर चाचण्या झाल्या. त्यात ताकद वाढली, चालणं मात्र फारसं सुधारलं नाही. माझा थोडा हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू. मग कळलं की प्रश्नच जरा वेगळा विचारायला हवा. २००१ मध्ये डच संशोधकांनी ५५ लहान मुलांचे दोन गट केले. एकात हालचाल 'नॉर्मल' करण्यावर भर, दुसऱ्यात सरळ रोजची कामं, म्हणजे जिना, खुर्चीवरून उठणं, जे घरात लागतं ते, आणि मुलाला जमेल त्या ढंगानं. रोजच्या जगण्यातल्या कामांत दुसरा गट पुढे गेला. बोबाथ दांपत्यानंही उतारवयात प्रांजळपणे लिहिलं होतं की उपचाराच्या खोलीत जमलेलं आपोआप घरच्या जगण्यात उतरेल ही अपेक्षा पुरी झाली नाही. दोघंही जानेवारी १९९१ मध्ये, एकाच दिवशी गेले. दमियानोंचा तो निकाल त्यांनी पाहिला नाही.

तोलाचंही असंच. २००३ मध्ये अमेरिकेत सहा मुलांना एका हलत्या फळीवर उभं केलं आणि फळीला अचानक हिसके दिले. दिवसाला १००, असे पाच दिवस. मुलं पहिल्यापेक्षा लवकर सावरायला लागली. सहाच मुलं, मान्य. पण तोल जाण्याची सवय तोल जाऊनच होते, हे आपल्या मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहणाऱ्या कोणालाही पटेल.

हाताच्या बाबतीतली गोष्ट जरा अवघड आहे. एडवर्ड टॉब या संशोधकानं माकडांच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. माकडांनी तो हात वापरणं सोडलं. पण चांगला हात बांधला की 'मेलेला' हात कामाला लागायचा. म्हणजे हात गेलेला नव्हता, न वापरण्याची सवय लागली होती. १९८१ मध्ये मेरीलँडमधल्या त्याच्या प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडला, १७ माकडांची अवस्था बाहेर आली, खटला झाला. शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. २००४ मध्ये त्याच कल्पनेवर एका बाजूनं अधू असलेल्या १८ लहान मुलांचा अभ्यास आला. चांगला हात प्लास्टरमध्ये, अधू हाताचा रोज सहा तास सराव, २१ दिवस. फरक स्पष्ट होता. आज सीपीच्या उपचारांत सगळ्यात भक्कम पुरावा असलेल्यांत ही पद्धत आहे. त्या माकडांचं काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

आपल्याकडचं एक नाव घ्यायलाच हवं. मिथू अलूर. मुलगी मालिनी १९६६ मध्ये जन्मली, सीपी असलेली. इंग्लंडमध्ये तिला उपचार आणि शाळा मिळाली. भारतात परतल्यावर घेणारी शाळाच नाही. १९७२ मध्ये मुंबईत त्यांनी 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' काढली, जिथे थेरपी आणि शिक्षण एका छपराखाली होतं. मालिनी चिब यांनी पुढे लंडनमधून दोन मास्टर्स केली आणि एका बोटानं टाइप करून 'वन लिटल फिंगर' हे पुस्तक लिहिलं.

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी सीपीवरच्या ६४ उपचारांचा पुरावा एकत्र करून सिग्नलचे रंग दिले, हिरवा, पिवळा, लाल. हात बांधून सराव, ध्येय ठरवून सराव, फिटनेस हे हिरव्यात. बोबाथ पद्धत लालकडे झुकलेली. मी हा तक्ता फोनवर मावशीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "आणि सकाळी तेल लावून पाय ताणायचे, ते?"

ते हिरव्यात नव्हतं. नुसतं हातानं ताणण्याचा पुरावा कमकुवत आहे. चौदा वर्षं, रोज सकाळी पाऊण तास, तो रडायचा आणि ती ताणायची. आम्ही भावंडं अंगणात क्रिकेट खेळायचो आणि आतून आवाज यायचा. मी काहीतरी गोलमाल उत्तर द्यायला लागलो, तर तोच म्हणाला, "आई, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आणि तू सोडून दुसरं कोणी माझ्याशी रोज पाऊण तास बोलतही नव्हतं." मावशी उठून आत गेली. चहा टाकला. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

जिम त्यानं लावली. आधी एका फिजिओला दाखवून आला, तिनं यादी दिली. लेग प्रेस, स्टूलवरून उठ-बस, आणि ऑफिसचा जिना रोज एकदा. पहिल्या दिवशी लेग प्रेसला त्याची मूठ आवळली गेली तसा ट्रेनर घाबरून धावला. यानं त्याला दमियानोंचा आख्खा अभ्यास तोंडी ऐकवला, १४ मुलांसकट. आता तीन महिने झालेत. रेलिंग अजून लागतं. वजन २० किलोंवरून ३५ वर गेलंय, आणि ते आकडे तो दर रविवारी घरच्या ग्रुपवर टाकतो. मावशी त्यावर अंगठा देते.